धुराड्याची उंची विचारली की आम्ही प्राणीद्वेष्टे

राहत्या इमारती आणि मुलांची शाळा यांच्या मधल्या मोकळ्या भूखंडावर पाळीव प्राण्यांची दहनभूमी उभी राहणार आहे, हे आम्हांला कुणीही येऊन सांगितले नाही. ते कुंपणाला बांधलेल्या एका कागदावरून कळले, आणि तो कागदही जिकडून कुणी पायी जात नाही अशा बाजूला लावलेला होता. हरकत नोंदवण्याची मुदत तळाशी बारीक अक्षरांत छापली होती. बहुतेकांनी ती वाचली तेव्हा ती संपत आली होती. संताप येण्यास एवढे पुरेसे होते, पण त्यानंतर आमच्याशी ज्या रीतीने बोलले जात आहे त्याची चीड मला कितीतरी अधिक आहे.

भट्टीविषयी काहीही विचारले की उत्तरादाखल भावना पुढे केली जाते. 'तुम्ही कधी प्राणी पाळला नाही का, त्यांनाही सन्मानाने निरोप मिळू नये का,' असे भर सभेत ऐकवले जाते, आणि ज्याने धुराड्याची उंची विचारलेली असते तो खाली मान घालून बसतो. मी मान खाली घालणार नाही. आमच्या घरातला कुत्रा म्हातारा होऊन गेला, शेवटी शेवटी त्याला जिन्यावरून उचलून न्यावे लागत असे, आणि त्याचा देह कचऱ्याच्या गाडीत जाऊ नये म्हणून घरच्यांनी किती दारे ठोठावली हे मी पाहिले आहे. अशी सोय हवी, आणि ती चांगली हवी, हे मला कुणी शिकवण्याची गरज नाही. परंतु त्या दुःखाचा आधार घेऊन तांत्रिक प्रश्न दडपणे हा त्या दुःखाचाच अपमान आहे.

भट्टी गॅसवर चालणार, म्हणून धूर आणि वास होणारच नाही, असे आम्हांला छातीठोकपणे सांगण्यात आले. गॅस हे इंधन झाले; जळणार आहे तो देह, आणि त्यात पाणी, चरबी, नायट्रोजन, गंधक हे सारे असते. लठ्ठ प्राण्याची चरबी एकाएकी पेटली आणि त्या क्षणी भट्टीला पुरेशी हवा मिळाली नाही, तर काळा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. याच कारणाने नीट बांधलेल्या भट्टीला दुसरा कक्ष असतो आणि पहिल्या कक्षातले वायू तेथे पुन्हा जाळले जातात. युरोपीय संघाच्या २०११ सालच्या नियमांत या वायूंसाठी स्पष्ट अट आहे: किमान ८५० अंश सेल्सिअसला २ सेकंद, किंवा ११०० अंशांना ०.२ सेकंद. आम्ही एवढेच विचारले की इथल्या भट्टीत दुसरा कक्ष आहे का, तो पुरेसा तापल्याशिवाय देह आत सरकवता येणार नाही अशी कुलूपबंद व्यवस्था आहे का, आणि दहन अर्ध्यावर असताना वीज गेली तर पंखे कशावर चालतील. यावर 'यंत्र अत्याधुनिक आहे' हे उत्तर मिळाले. त्याच बैठकीत आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा पुन्हा तेच वाक्य मिळाले.

देहाबरोबर आणखी काय जळणार, हा प्रश्न तर कुणाला ऐकूच येत नाही. लोक आपल्या लाडक्या प्राण्याला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणतात. सोबत त्याची गादी, पट्टा, रबरी खेळणे ठेवतात, आणि त्या घडीला त्यांना अडवणे कुठल्याही कर्मचाऱ्याला जड जाते. त्या वस्तूंत पीव्हीसी हे क्लोरीनयुक्त प्लास्टिक असले तर क्लोरीन सुटतो, त्यातून हायड्रोजन क्लोराइड होतो, आणि भट्टीतून निघालेले वायू साधारण ४०० ते २०० अंशांच्या दरम्यान रेंगाळत थंड झाले तर त्यांत डायॉक्सिन ही अतिविषारी संयुगे तयार होऊ शकतात. ही आमच्या भयगंडातून निघालेली कल्पना नाही. दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रदूषकांविषयीच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने डायॉक्सिन नकळत निर्माण करणाऱ्या स्रोतांची यादी केली आहे, तीत दहनगृहे आहेत आणि प्राण्यांच्या मृतदेहांची विल्हेवाटही स्वतंत्रपणे नोंदवलेली आहे. डायॉक्सिनांपैकी सर्वांत घातक असलेल्या टीसीडीडीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये मानवात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ ठरवले. एक भट्टी लागली की अख्खी वस्ती आजारी पडेल, असे मी म्हणत नाही. नीट चालवलेल्या भट्टीतून निघणारे प्रमाण फार कमी असू शकते. मग ते किती, हे मोजून लिहून द्यायला अडचण कोणती आहे?

इथे मला आमच्याच काही शेजाऱ्यांवरही राग काढायचा आहे. धुरातून रेबीज पसरतो, असा संदेश कुणीतरी फिरवला आणि तो न वाचताच पुढे पाठवला गेला. साध्या उकळत्या पाण्याच्या उष्णतेत जो विषाणू तग धरत नाही, तो ८५० अंशांतून निघून आपल्या खिडकीत येणार नाही. असल्या अफवेमुळे समोरच्यांना आमचे सगळेच आक्षेप एका फटक्यात हास्यास्पद ठरवता येतात, आणि ते तेच करत आहेत. घरांचे भाव पडतील म्हणून ओरडणाऱ्यांनीही जरा थांबावे. त्यांच्या आवाजात शाळेच्या पटांगणाचा मुद्दा बुडून गेला आहे.

तो मुद्दा असा, की आराखड्यातले धुराडे शेजारच्या इमारतींच्या गच्चीपेक्षा बुटके दिसते. उंच इमारतींच्या आडोशाला वारा भोवरा घेऊन खाली वळतो आणि बुटक्या धुराड्यातला धूर वर न जाता जमिनीकडे ओढला जातो. थंडीत पहाटे जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, त्यावर उबदार हवेचे झाकण असते, आणि खाली सोडलेले सर्व काही तिथेच अडकून राहते. मुले शाळेत येतात ती याच सुमारास. वाऱ्याची दिशा आणि आसपासच्या इमारतींची उंची धरून केलेली आकडेमोड अर्जासोबत जोडलेली नाही; नकाशात तर आमच्या इमारतींच्या जागी रिकामी चौकट काढली आहे, जणू आम्ही तिथे राहतच नाही.

दिवसाला किती दहने होणार, रात्री भट्टी चालणार का, रांगेतले देह ठेवण्याची शीतपेटी बंद पडली तर काय, यांवर अर्जात एक ओळ नाही. क्षमतेचा आकडा मात्र अशा सोयीला लागेल त्याहून मोठा दिसतो. म्हणून मी विचारले की दवाखान्यांतले आणि रस्त्यावरचे मृत प्राणीही इथेच आणणार आहात का. याला होय किंवा नाही असे उत्तर असते. मला 'तुमचा सूर नकारात्मक आहे' असे सांगण्यात आले.

ज्या पद्धतीत धूरच होत नाही, त्या क्षारीय जलविघटनाचाही विचार झालेला नाही. गरम अल्कधर्मी द्रावणात देह विरघळवून अस्थी कुटुंबाला परत देण्याची ही रीत आहे. तिचे मूळ पेटंट थेट १८८८ सालचे आहे. तिच्यातल्या सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागते, हे खरे. पण निदान तुलना तरी मांडायला हवी होती. ती न मांडता, गावाबाहेरची जागा तपासून का नाकारली हेही न सांगता, आमच्याकडून आता 'सहकार्य' मागितले जात आहे.

सुनावणीसाठी मी लेखी हरकत दिली आहे. याच बनावटीची भट्टी जिथे चालू आहे तिथला धुराड्याच्या तपासणीचा अहवाल मी मागितला आहे, आणि तो रिकाम्या भट्टीचा नको, पूर्ण भरलेल्या भट्टीचा हवा, पेटवल्यापासूनच्या पहिल्या तासासकट. तो अहवाल हातात पडेपर्यंत ना-हरकत पत्रावर माझी सही मिळणार नाही.