‘कम अँड सी’बद्दलचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

परवा रात्री बहिणीकडे जेवायला गेले होते. भाचा अकरावीत आहे, कॉलेजच्या एकांकिकेत काम करतोय. त्याने ताटातला वरणभात चिवडला आणि ताट बाजूला सारलं. "मावशी, मी दोन दिवस काही खाणार नाहीये. दादाने सांगितलंय." दादा म्हणजे त्यांचा दिग्दर्शक, असेल बावीस-तेवीस वर्षांचा. एकांकिका युद्धात होरपळलेल्या गावावर आहे आणि पोरांना भूक ‘आतून’ कळावी म्हणून हा हुकूम. आधार काय, तर व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज. महिनाभरात तो मलाही तीन ग्रुपवर आला होता, मी न वाचताच सोडून दिला होता. परवा भाच्याच्या फोनवर नीट वाचला आणि डोकंच फिरलं.

मेसेज १९८५ सालच्या ‘कम अँड सी’ या सोव्हिएत युद्धविरोधी सिनेमाच्या ‘पडद्यामागच्या सत्या’चा आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी बेलारूसमधली गावं जाळली, त्यावरचा हा सिनेमा. त्याचं म्हणणं असं: चौदा वर्षांच्या नायकाला संमोहित करून त्याच्याकडून काम करून घेतलं. त्याच्या डोक्यावरून खऱ्या गोळ्या झाडल्या. भीतीने त्याचे केस एका रात्रीत पांढरे झाले. शूटिंगनंतर तो वेडा झाला आणि पुन्हा कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. पश्चात्तापाने दिग्दर्शकाने सिनेमाच सोडला. गोष्ट मात्र सगळी काल्पनिक, सरकारने महायुद्धातल्या विजयाच्या चाळिसाव्या वर्षासाठी बनवून घेतलेला प्रचार. आणि शेवटी हात जोडलेली खूण टाकून, ‘खरी कला अशी जन्माला येते.’

वेडाचं आधी घेते, कारण ते एका मिनिटात तपासता येतं. तो मुलगा म्हणजे अलेक्सेई क्रावचेन्को. पुढे त्याने मॉस्कोच्या श्चुकिन नाट्यसंस्थेत रीतसर शिक्षण घेतलं, १९९५ साली तिथून बाहेर पडला, रंगभूमीवर उभा राहिला आणि सिनेमांत, मालिकांत भरपूर कामं केली. जिवंत, कामात असलेल्या माणसाला वेडा ठरवून मोकळे होतात लोक!

केस. माणसाच्या डोक्यावर आधीच उगवलेला केस मृत असतो, त्याचा रंग रात्रीत जाऊ शकत नाही. सिनेमात दिसतो तो रुपेरी रंग आणि चांदीचा पातळ थर, म्हणजे रंगभूषा. ती लवकर निघेना, म्हणून शूटिंग संपल्यावरही त्याला काही काळ तसंच वावरावं लागलं. आपण शाळेत परतलो ते वाळून आणि पांढऱ्या केसांनी, असं त्याने स्वतःच सांगितलंय. त्या वाक्याला मीठमसाला लावून हा चमत्कार तयार झालेला आहे. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांचंही तेच. चौदा वर्षांच्या पोराचा म्हातारा होतो तो रंगभूषाकाराच्या हातून, आणि सिनेमा जवळजवळ घटनाक्रमानेच, नऊ महिने चित्रित केला म्हणून. इतकी मेहनत ज्यांनी केली त्यांचं श्रेय ‘भीती’च्या नावावर जमा होतं, याचा मला राग येतो.

खऱ्या गोळ्यांचं मात्र मान्य करावं लागेल. त्या वापरल्या होत्या. गाय गोळीबारात मरते त्या प्रसंगात गोळ्या डोक्यावरून जेमतेम दहा सेंटीमीटरवरून जात होत्या, असं क्रावचेन्कोने मुलाखतींत सांगितलंय. कडक पथ्य, भूक, थकवा, हेही खरं. पण घडलं म्हणून ते बरोबर होतं असं कुठे ठरलं? ते चुकीचंच होतं. एका पोराचा जीव दहा सेंटीमीटरवर टांगणं हे कुठल्याही सिनेमापेक्षा मोठं पाप आहे, आणि तो सिनेमा मला कितीही थोर वाटत असला तरी मी हे म्हणणार.

संमोहनाचं तर मेसेजने नेमकं उलटं केलंय. दिग्दर्शक एलेम क्लिमोव्ह यांना धास्ती होती की हे सगळं पाहून मुलाच्या मनावर कायमचा आघात होईल. त्याला त्यापासून वाचवता यावं म्हणून संमोहनाचा विचार झाला, पण तो मुलगा संमोहनाला दादच देईना. म्हणजे जे केलं ते शुद्धीवर, एकाग्रतेने केलं. यालाच अभिनय म्हणतात ना?

क्लिमोव्ह यांनी त्यानंतर सिनेमा केला नाही हे खरं. पण त्यांनी दिलेलं कारण पश्चात्तापाचं नव्हतं. जे करण्यासारखं होतं ते करून झालं, असं ते म्हणाले. १९८६ मध्ये ते तिथल्या चित्रपटकर्मींच्या संघाचे प्रमुख झाले आणि वर्षानुवर्षं दाबून ठेवलेले सिनेमे त्या काळात बाहेर आले.

आता ‘काल्पनिक प्रचार’. इथे मला खरंच गप्प बसवत नाही. सिनेमा विजयाच्या चाळिसाव्या वर्षी आला, बरोबर. पण सरकारी सिनेखात्यानेच हा प्रकल्प सत्तरच्या दशकात अडवला आणि पुढची कितीतरी वर्षं रखडवला. हवा होता तर अडवला कशाला?

आणि काल्पनिक? सहलेखक आलेस आदामोविच हे बेलारूसचे. पंधरा-सोळाव्या वर्षी स्वतः गनिमी तुकडीत होते. सत्तरच्या दशकात ते आणि यांका ब्रिल, व्लादिमीर कोलेस्निक हे दोन लेखक टेपरेकॉर्डर घेऊन बेलारूसच्या गावागावांत फिरले. ज्यांचं गाव माणसांसकट जाळलं गेलं आणि जे कसेबसे वाचले, अशा तीनशेहून अधिक लोकांच्या आठवणी त्यांनी त्यांच्याच शब्दांत टिपल्या. ‘मी जळालेल्या गावातला’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक त्यातून झालं. सिनेमा त्या आवाजांवर उभा आहे. पडद्यामागचं सत्य हवंय ना, मग ते त्या टेपांत आहे.

एकच गाव सांगते. खातिन, २२ मार्च १९४३. गावकऱ्यांना एका कोठारात कोंडलं, आग लावली, दार फोडून जे बाहेर पळाले त्यांच्यावर मशिनगन चालवली. १४९ माणसं मेली, त्यांत ७५ मुलं. जळून जखमी झालेला योसिफ कामिन्स्की वाचला आणि त्याला प्रेतांमध्ये आपला मुलगा सापडला, शेवटचे श्वास घेत असलेला. त्या मुलाला हातांवर घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा पुतळा तिथे आहे. जळालेल्या २६ घरांच्या जागी २६ धुराडी उभारली आहेत, प्रत्येकात एक घंटा, दर तीस सेकंदांनी वाजणारी. सिनेमाच्या शेवटी आकडा येतो: बेलारूसमधली ६२८ गावं माणसांसकट जाळली.

हे ज्यांच्या घरात घडलं त्यांच्याबद्दल ‘काल्पनिक’ हा शब्द फोनवर टाइप करताना हात कसा धजतो?

भाच्याला हे सगळं मी जेवणाच्या टेबलावरच सांगितलं. तो खातिनचं ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मग भूक कशी दाखवायची?" मी म्हटलं, ते तुमच्या दादाबरोबर बसून शोधू. आणीबाणीच्या, दुष्काळाच्या, फाळणीच्या आठवणी सांगणारी माणसं आपल्याकडेही आहेत, आपल्याच गल्लीत सापडतील. त्यांच्याकडे जा, फोनवर रेकॉर्ड करा, त्यांच्या बोलण्यातले थांबे ऐका.

दादा, तुला माझं हे लिहिणं लागलं असेल तर लागू दे. गुरुवारी तालमीला मी येतेय. बाराही पोरांचे डबे माझ्याकडे असतील, आणि ते खाऊन झाल्यावरच तालीम सुरू होईल.