टाचेतलं रक्त

श्टुटगार्टला लेकीच्या जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी नर्सने तिची टाच चोळून कोमट केली, सुई टोचली आणि जाड कागदावर छापलेल्या गोलांत रक्त टिपून घेतलं. व्हिडिओ कॉलवर आई कळवळली, "अगं, एवढ्याशा जिवाला कशाला टोचतात?" पाचवीला तिच्याच सांगण्यावरून सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं.

जर्मनीत ऑक्टोबर २०२१ पासून त्या रक्तात स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी (एसएमए) हा स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजारही तपासतात. आई-वडील दोघांकडूनही बिघडलेलं एसएमएन-१ जनुक आलं की मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी मरत जातात. मेलेल्या पेशी कोणत्याच औषधाने परत येत नाहीत. लक्षणं दिसायच्या आत उपचार मिळालेली बरीच मुलं मात्र बसतात, चालतातही.

माझ्या मावसभावाचा मुलगा मान धरेना. "काही मुलं उशिरा धरतात" हे ऐकण्यात चार महिने गेले. वहिनी पाठीला हात लावून त्याला पेज भरवायची; हात काढला की पोर दुमडायचं. एसएमएचं निदान झालं आणि नातेवाईक तिच्या माहेराबद्दल कुजबुजू लागले. त्याचा मला अजून संताप येतो. या आजारात बहुतेक वेळा आई-वडील दोघंही वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण एक बिघडलेलं जनुक बाळगणारे असतात आणि दर गरोदरपणी धोका चारात एक असतो. मामाच्या मुलीशी सोयरीक जुळवताना आपण पत्रिका बघतो, रक्त नाही.

आपल्याकडचा वाद या आजारावरच्या सोळा कोटींच्या इंजेक्शनापाशीच अडकतो. व्हॉट्सॲपवर आवाहनं फिरतात, सरकारने किती द्यावं यावर भांडणं होतात. दुर्मीळ आजारांसाठीच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणाखाली केईएमसारख्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदत मिळते; ती वाढायला हवीच. किमती उतरतातही: एसएमएवरच्या रिस्डिप्लाम या औषधाची बाटली सहा लाखांच्या वर होती, २०२५ मध्ये भारतीय कंपनीची सोळा हजारांच्या आत आली. पण निदानाला उशीर झाला तर स्वस्त औषधही उशिराच पोचणार.

इथे विमा सगळं भरतो, हे मान्य. पण टाच टोचायला जर्मनीची श्रीमंती लागत नाही. गोव्याने इतर जन्मजात आजारांसाठी नवजात तपासणी २००८ मध्येच सुरू केली होती. महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची ती व्हावी, एसएमएसह, आणि घरात एक मूल आजारी निघालं की भावंडांच्या, चुलत-मावस नात्यांतल्या जोडप्यांची वाहक चाचणी फुकट व्हावी. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला हे विचारा.

वहिनीला पुन्हा दिवस गेलेत. या वेळी अकराव्या आठवड्यातच वारेचा नमुना तपासायला दिलाय. अहवाल गुरुवारी येईल.