पिनबॉल नुसता नशिबाचा खेळ नव्हे

मालवणच्या काही ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'जत्रेतलं पिनबॉल म्हणजे निव्वळ नशीब, अन् मशीन हलवणं म्हणजे लबाडी.' दोन्ही चूक. (पिनबॉल म्हणजे उतरत्या पाटावर पोलादी गोळी खेळवायचं मशीन.)

फ्लिपर, म्हणजे बटण दाबून गोळी मारायच्या छोट्या दांड्या, नसलेल्या जुन्या मशीनबद्दल पहिलं म्हणणं बरंचसं खरं होतं. पण 1947 मध्ये गॉटलिब या अमेरिकन कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' मशीनमध्ये फ्लिपर आले आणि खेळ हातात आला. न्यूयॉर्कमध्ये जुगार म्हणून घातलेली बंदी 1976 मध्ये उठली, ती पटाईत खेळाडू रॉजर शार्प यांनी नगर परिषदेसमोर खेळून दाखवल्यावर.

खरी गंमत उचलून धरलेल्या फ्लिपरवर गोळी थोपवून, नेम धरून मारण्यात आहे. दिवे, आवाज, एकदम तीन-तीन गोळ्या हे सगळं माझ्या मते दुय्यम. चांगल्या मशीनवर हरलात तरी कुठे चुकलं ते कळतं.

हलका धक्का हा खेळाचाच भाग. जास्त हलवलं तर आतला लोंबता ओळंबा कडीला टेकतो, 'टिल्ट' होतं, म्हणजे फ्लिपर बंद पडतात आणि ती गोळी हातची जाते. मग लबाडी कुठली?

आपल्याकडे चालकांनी एवढं मात्र बघावं: खाऱ्या हवेत पोलादी गोळी गंजते, आणि गंजकी गोळी खेळाचा पाट खरवडते. ती वेळच्या वेळी बदला.