कपाटाचं दार घासतंय म्हणून आलेली गाडी

"अण्णा, काम मोठं नाही वो. कपाटाचं दार तेवढं घासतंय, रंधा मारून द्या की."

मे महिना संपत आला होता. बेळगावच्या खानापूरकडचे एक गुरुजी आपली गाडी घेऊन माझ्या शेडवर आले. त्यांच्यासाठी नवी, पण मुळात चांगली जुनी. ट्रॅव्हलर मिनीबसच्या आत बिछाना, ओटा, कपाटं, पाण्याची टाकी असं सगळं बसवलेली कॅम्पर व्हॅन. (आमच्या सीमाभागात कॅम्पर म्हटलं की शेतकऱ्याला बोलेरो कॅम्पर ही मालाची गाडी आठवते, म्हणून आधीच सांगून टाकलं.) मी अशा गाड्यांच्या आतलं सुतारकाम करतो. दार बघितलं तर सरळ होतं, बिजागरीही ठीक होती. म्हणजे वाकडी झाली होती ती चौकट. चौकटीच्या मागच्या प्लायला पेचकस लावला, तर जोर न लावता दोन बोटं आत गेला.

गुरुजींचा चेहरा उतरला. मग त्यांनी मोबाइल काढून तो मेसेज दाखवला, ज्याच्या भरवशावर त्यांनी गाडी घेतली होती. तो मलाही चार ग्रुपांवर आलेला आहे. थोडक्यात असा: जुनी कॅम्पर घेताना पाण्याचा बाऊ करू नका. बॉडी पत्र्याची किंवा फायबरची, त्यात सडायला आहे काय? गळती असेल तर डाग दिसतोच. दिसला तर सिलिकॉनची एक ट्यूब मारा. ओल असेल तर चार दिवस कडक उन्हात दारं उघडी टाका. गाडी पुरातली असली तरी इंजिन एका झटक्यात लागलं तर डोळे मिटून घ्या. आणि सगळं चुकलंच, तर विमा आहेच.

एकेक घेऊ.

"सडायला आहे काय?" फायबर सडत नाही हे खरं. पत्रा सडत नाही, गंजतो. पण ते झालं गाडीचं कातडं. त्याच्या मागं थर्माकोल किंवा ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर), मग लाकडी पट्ट्या, मग प्लाय, आणि सगळ्यांवर सनमायका. पाणी राहतं ते या पोटात. ग्लासवूल एकदा भिजली की ओल्या गोधडीसारखी पत्र्याला चिकटून बसते, आणि मग पत्रा आतून गंजत बाहेर येतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं.

प्लायमध्येही फरक आहे. आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेली मरीन प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, तिचे थर सुटता कामा नयेत. आयएस ३०३ ची साधी प्लाय वेगळी. कॅम्पर बनवणारा पैसे वाचवायला ही साधीच घालतो, कधी त्याहून वाईट म्हणजे एमडीएफ, लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. एमडीएफ एकदा फुगलं की वाळूनही पुन्हा जागेवर येत नाही. शिक्का बघायचा तर बिछान्याची फळी उचला, कपाटाच्या आत टॉर्च मारा. आणि मरीन असली तरी कापलेली कड उघडी सोडली असेल तर पाणी तिथून शिरतंच.

"डाग दिसतोच." नाही दिसत. सनमायकाला डाग पडत नाही, म्हणून तर लोक तो लावतात. आणि पाणी शिरतं एकीकडे, निघतं दुसरीकडे. गुरुजींच्या गाडीत ते छतावरच्या पंख्याच्या झरोक्यातून शिरत होतं, छताच्या पट्टीवरून मागं सरकत होतं आणि मागच्या कोपऱ्यात, चाकाच्या कमानीवर उतरून बसत होतं. पहिल्या मालकाकडे गाडी बहुधा मागच्या बाजूला उताराला उभी राहत असावी. झरोक्याखाली एक थेंब नाही, आणि सात फूट मागं सगळी भिंत खलास.

मग ओळखायचं कसं? बंद गाडीचं दार पहिल्यांदा उघडताना नाक पुढे करा, विकणाऱ्याने हवा खेळवायच्या आधी. आत उदबत्तीचा किंवा कार-परफ्यूमचा घमघमाट असेल तर मला तरी संशय येतो. भिंतीवर बोटाच्या गाठीने ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी फुसका. खिडक्यांच्या खालचे कोपरे आणि झरोक्याभोवतीचा भाग अंगठ्याने दाबा, जमिनीवर टाच टेकवून चाला. एखादाच स्क्रू गंजलेला आणि बाकीचे चकचकीत असतील तर का, विचारा. पाण्याचा पंप चालू करून सगळे नळ बंद ठेवा. पंप मध्येच आपोआप घुरघुरला तर पाणी कुठेतरी बाहेर पडतंय, आणि ते पावसाचं नव्हे, टाकीचं आहे. हे कुणी तपासत नाही आणि निम्मी भानगड तिथेच असते.

ओल मोजायचं मीटर हजार-दोन हजारांत मिळतं. त्याच्या सुया सनमायकावर टोचून उपयोग नाही, कपाटाच्या आत कच्ची प्लाय दिसते तिथे टोचा. सुया पत्र्याला किंवा वायरीला टेकल्या तर आकडा खोटा वाढतो. कोरड्या लाकडात १२ ते १५ टक्के ठीक. २० च्या वर गेलं की कुजायची भीती सुरू होते. पण इथे आपल्या मुलखाची गंमत आहे. अथणीच्या रखरखाटात उभी राहिलेली गाडी आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसात उभी राहिलेली गाडी, दोघींना एक आकडा लावता येत नाही. आमच्या जुलैत धडधाकट लाकूडही १८ दाखवतं. म्हणून एकाच भिंतीवर वर, मध्ये, खाली असे आकडे घ्या. सगळीकडे १७ असेल तर ती हवा. वर १५ आणि खाली २८ असेल तर ते पाणी.

"सिलिकॉनची एक ट्यूब." या एका वाक्याने माझं पोट भरलंय, तरी सांगतो. सिलिकॉन जुन्या सिलिकॉनवर नीट धरत नाही, धुळीवर धरत नाही, ओल्यावर तर नाहीच. व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते स्वस्त सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं. आणि एकदा ते फासलं की पुढे त्यावर रंग बसत नाही, दुसरा सीलंटही चिकटत नाही. म्हणजे पुढच्या खऱ्या दुरुस्तीची वाट तुम्हीच अडवता. पाणी आत असताना बाहेरून भोक बुजवलं तर आतलं पाणी कुठे जाणार?

नीट काम म्हणजे खिडकी किंवा झरोका चौकटीसकट काढायचा, जुनं सगळं खरवडायचं, कुजलेली प्लाय चांगली लागेपर्यंत कापायची, सुकवायची, मग ब्युटाइल टेपवर (रबरासारखी चिकट पट्टी) चौकट पुन्हा बसवायची आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे फट बुजवायचा लवचिक मसाला. भोक शोधायला पाइपने पाणी मारताना खालून सुरू करा, दर टप्प्याला दहा-पंधरा मिनिटं, आत एक माणूस टॉर्च घेऊन बसलेला हवा. थेट छतावर पाणी ओतलं तर सगळीकडून एकदम गळतं आणि कळत काहीच नाही.

बरं, भोकच नसेल तर? तरीही भिंत ओली होऊ शकते. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. पावसात खिडक्या बंद करून आत चहा, भात, वर चार माणसांचा श्वास. ती वाफ थंड पत्र्यावर आणि गादीच्या मागं दव होऊन बसते. तिथे काळी बुरशी धरली असेल तर ट्यूब कुठे मारणार? तिथे खिडकी उघडी ठेवायला लागते.

"चार दिवस उन्हात." बाहेरून पत्रा, आतून सनमायका, मध्ये पाणी. वाफ निघायला वाट कुठली? ऊन पत्र्याला लागतं, आतली ओल तापून दुसऱ्या कोपऱ्यात जाते आणि रात्री पुन्हा तिथेच थंड होते. वरवर कोरडं दिसतं आणि वास थांबतो. विकायला तेवढं पुरतं. आतली प्लाय काढून, पंखा लावून, मीटरवर आकडा उतरेपर्यंत थांबणं म्हणजे सुकवणं. त्याला आठवडे लागतात. पावसाळ्यात तर मी ते काम हातातच घेत नाही.

आता पुराचं. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीत काय झालं ते इथे सांगायला नको. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं आपणच बघितलंय. पुरात बुडालेल्या गाड्या भंगारातच जातात असं नाही. त्या धुतल्या जातात, नवी मॅट घालून कमी भावात चार गावं पलीकडे विकल्या जातात. इंजिन लागणं म्हणजे इंजिन लागणं, बाकी काहीच सिद्ध होत नाही. कनेक्टरमधलं तांबं हिरवं पडायला महिने जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत मातीची रेघ दिसेल. सीटच्या रुळाचे बोल्ट, हेडलाइटच्या आतली कड आणि डॅशबोर्डच्या खालचा भाग बघा. चिखलाचा रंगही बोलतो. गाडी कायम खानापूर भागातच होती म्हणतात, आणि फटीत तांबड्याऐवजी काळी माती, तर ती नदीकाठाहून आलेली असू शकते. कॅम्परमध्ये आणखी एक भीती म्हणजे भिंतीतून गेलेली २३० व्होल्टची वायर. गळका करंट पकडून ३० मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर नसेल तर ओल्या भिंतीजवळ रात्री झोपू नका.

विम्याबद्दल दोनच ओळी. झीज, गंज, हळूहळू झालेलं नुकसान मोटार विमा देत नाही. महाराष्ट्रातून गाडी आणताना एनओसी मागतो, तसाच जुना क्लेम झालाय का तेही विचारा.

मेसेजमध्ये एक गोष्ट बरोबर आहे: ओल सापडली म्हणून लगेच पळून जायचं कारण नाही. एक कोपरा, एक खिडकी, जमीन शाबूत, वायरिंग कोरडी, तर खर्च धरून भाव पाडा आणि घ्या. मी स्वतः तशी एक घेतलेली आहे. छत आणि जमीन दोन्ही मऊ असतील तर फुकट दिली तरी नको.

गुरुजींची मागची भिंत आम्ही उघडली. सहा फुटांची प्लाय हाताने चुरून निघाली. जून तोंडावर होता, म्हणून झरोका काढून तिथे तात्पुरता पत्रा ठोकला आणि बाकीचं काम दिवाळीनंतर ठरलं. गाडी तोवर त्यांच्या गोठ्यात कौलाखाली उभी आहे, म्हशी बाहेर. कपाटाचं दार शेडवर राहिलंय. त्याला रंधा मारायची गरज पडणार नाही.