खाकी संपलंय की ओ

परवा मिरजेची मावशी आली. म्हणजे बायकोची मावशी. अक्कलकोटला दर्शनाला जायचं म्हणून आमच्याकडे दोन दिवस मुक्काम. चहाचा कप ठेवायला तिनं टीपॉयवरचं पुस्तक बाजूला सरकवलं, सरकवताना त्याच्याकडे नजर गेली आणि ताटात झुरळ दिसल्यासारखं तिनं ते झटकन पालथं घातलं. पालथं घातलं तर मागं दुसरी बाई.

ह्यात माझी चूक शून्य आहे हे आधीच सांगतो. ते पुस्तक म्हणजे अमेरिकेतलं जुनं विज्ञानकथांचं पुस्तक, एस डबल. एस नावाच्या प्रकाशनानं १९५२ पासून ही टूम काढली होती, एका पुस्तकात दोन कादंबऱ्या, पण एक सुलटी आणि एक उलटी, म्हणजे एक वाचून झाली की पुस्तक फिरवून धरायचं की दुसरी सुरू. मलपृष्ठ नावाची भानगडच नाही, दोन्हीकडून मुखपृष्ठच. तेव्हा किंमत ३५ सेंट, मी मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवर घासाघीस करून १२० रुपयांना घेतलं. पैसा वसूल पुस्तक, फक्त लाजेकाजेस्तव पालथं घालायची सोय नाही.

एका बाजूला हिरवा, शेवाळलेल्या हौदातून निघाल्यासारखा प्राणी आणि त्याच्या हातात (हात म्हणायचं म्हणून, मी सात मोजले) एक किंचाळणारी बाई. दुसऱ्या बाजूला लाल ग्रह, त्यावर अंतराळवीर, पायापासून डोक्यापर्यंत सूट, हेल्मेट, पाठीला ऑक्सिजनची टाकी, आणि त्याच्या शेजारी पितळेच्या दोन वाट्या आणि एक रुमाल एवढ्या ऐवजावर उभी असलेली बाई. आता आतलं ऐका. पहिल्या कादंबरीत एक बाई आहे, ती पंचावन्न वर्षांची जीवशास्त्रज्ञ आहे आणि पुस्तकभर शेवाळाचे नमुने गोळा करते. दुसरीत बाईच नाही. पण हे मावशीला सांगायला गेलो असतो तर तिनं विचारलं असतं, तुम्ही आतनं पण बघितलंत का.

बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली, मावशी गुरुवारपर्यंत आहे, त्याला खाकी कव्हर घालून आण नाहीतर माळ्यावर टाक.

तर मी आमच्या सोलापुरातल्या कन्ना चौकाच्या अलीकडच्या एका स्टेशनरीच्या दुकानात. जून महिना, शाळा उघडलेल्या, पाऊस बेपत्ता, आणि दुकानासमोर अख्खा पूर्व भाग वह्यांचे गठ्ठे घेऊन उभारलेला. मी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं होतं. दुकानदारानं कागद काढून फेकला, पुस्तक डोक्यावर धरलं आणि आतल्या पोराला ओरडला, "ए, सरांच्या बाईला कव्हर घालायचंय, साईज बघ!"

गर्दी वळली. एका पोरीच्या आईनं पोरीचे डोळे झाकले. (पोरगी बोटांच्या फटीतून बघतच होती.)

गर्दीत एक मामा होते. सत्तरीचे, पांढरा शर्ट, हातात नातवाच्या सहा वह्या. दुकानदाराच्या हातातून त्यांनी पुस्तक घेतलं, चष्मा वर केला आणि कापड पारखावं तसं चित्र पारखायला लागले. बाकीचे लाजून बघत होते, हे बिनधास्त बघत होते.

"काय ओ, ह्या गड्यानं टोपडं कशाला घातलंय?"

म्हणलं तिथं हवा नसते मामा, श्वास घेता येत नाही.

"मग हिला कुठनं वारं येतंय?"

म्हणलं ती चित्रकाराची चूक आहे.

"चूक कशी? गड्याला बराबर घातलंय की. म्हणजे म्हाईत हाय त्याला."

ह्यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. मामांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "आन हे पितळ का? उन्हात पितळ किती तापतंय, हात लावून बघा. कोण घालंल?" मग जरा थांबून, अगदी कळवळून, "एखादी चादर तरी द्यायची की हिला." सोलापुरात, कन्ना चौकात, चादरीचा मुद्दा निघाल्यावर गर्दीची मान एकदम हलली. दुकानदार म्हणाला, सिंगल नको, डबल द्या.

मामांनी चाळीस वर्षं जॅकार्डच्या मागावर चादरी काढलेल्या. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि तिथून पुढं मला पळता आलं नाही.

मी आपलं त्या चित्रकारांच्या बाजूनं बोलायला गेलो, का गेलो कोण जाणे. म्हणलं मामा, ही पुस्तकं तिकडं औषधाच्या दुकानात, बसस्टँडवर, तारेच्या स्टँडला अडकवून विकायची, जाणाऱ्या माणसाची नजर एका सेकंदात अडकली पाहिजे, आत काय आहे हे कोण बघतंय. चित्रकाराला पुस्तक वाचायला वेळ नसायचा. मासिकांत तर कधी कधी आधी चित्र विकत घ्यायचे आणि मग लेखकाला सांगायचे, ह्याच्यावर गोष्ट लिहून आण.

मामा बघतच राहिले. "आधी चादर, मग सूत?"

मग त्यांनी मला भर दुकानात जॅकार्ड शिकवलं. डिझाईन आधी ग्राफच्या कागदावर चौकोन चौकोन भरून काढायचं, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या एकीला एक शिवून माळ करायची, मागावर एक पट्टी पुढं सरकली की त्या भोकांप्रमाणं ताण्याचे उभे धागे वर. "एक भोक चुकलं की मोराचा पाय मोडला. एका चादरीत न्हाई ओ, जितक्या काढाल तितक्या चादरीत मोडला. आन सेठ काय म्हणणार? मोर सांगितला, लंगडा मोर कोण घेणार, कापा ह्याच्या पगारातनं." त्यांनी पुस्तक पालथं केलं, परत सुलटं केलं. "ह्याच्या पगारातनं कापलं का कुणी?"

नाही कापलं. उलट त्या डोळे बटाट्याएवढे असलेल्या राक्षसांना तिकडं 'बग-आयड मॉन्स्टर' असं रीतसर नाव पडलं आणि ती मूळ चित्रं आता जमवणारे लोक जमवतात. लेखकांचं काय? एच. जी. वेल्स ह्या इंग्रज लेखकाची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी १८९७ मध्ये मासिकातून आली, तिच्यात त्याचे तीन पायांचे यंत्रराक्षस चित्रकारानं असे ताठ काढले होते की बोलायची सोय नाही. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं तेव्हा वेल्सनं कादंबरीतच एक परिच्छेद घुसवला, की एका चित्रकारानं ही यंत्रं घाईघाईत बघितली आणि तिथंच त्याचं ज्ञान संपलं. किती तडफड झाली असेल बघा, माणूस स्वतःच्या गोष्टीत शिरून तक्रार करतोय.

आणि सगळीच चित्रं वाईट असतात असंही नाही, कधी चित्र झकास असतं आणि त्याचा पुस्तकाशी काडीचा संबंध नसतो. अमेरिकन लेखक असिमॉव्हचं 'फाउंडेशन' घ्या, १९५१ चं पुस्तक, त्यात माणसं खोलीत बसतात आणि बोलतात, मग दुसऱ्या खोलीत बसतात आणि बोलतात, साम्राज्यं बुडतात ती पण बोलता बोलता. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश आवृत्त्यांवर क्रिस फॉस नावाच्या चित्रकारानं अवाढव्य, पट्ट्यापट्ट्यांची अंतराळयानं काढली. मी कॉलेजात ते पुस्तक यानासाठी घेतलं आणि शंभर पानं वाट बघत बसलो. पुस्तक आवडलं, पण आपल्याला हळूच गंडवलंय हे विसरलो नाही.

राग खरा ह्याचाच आहे. तीस वर्षं मी हे वाङ्मय लपवून वाचतोय. हॉस्टेलवर उशीखाली, हुतात्मा एक्सप्रेसमध्ये पेपरच्या आत, लग्नानंतर ऑफिसच्या बॅगेत. त्याच गाडीत शेजारचा माणूस खुनाची कादंबरी उघड्यावर वाचतो, मुखपृष्ठावर रक्ताचं थारोळं, त्याला कोणी काही विचारत नाही. आणि मराठीत तरी काय दिवे लावलेत, विज्ञानकथा म्हणलं की मुखपृष्ठावर निळा उजेड आणि हनुवटीला बोट लावून बसलेला रोबो, मग आत गोष्ट कोकणातल्या भुताची का असेना. आता तर कॉम्प्युटरलाच सांगतात चित्र काढ म्हणून, रोबोला सहा बोटं येतात, तेही तपासत नाहीत.

ह्या कॉम्प्युटरवरून आठवलं, मी मामांना उत्साहानं सांगायला गेलो की तुमच्या त्या भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना बॅबेज नावाच्या इंग्रजानं आपल्या गणिती यंत्रासाठी उचलली आणि पुढं कॉम्प्युटरमध्येही भोकं पाडलेली कार्डंच घालायचे, म्हणजे एका अर्थानं तुम्ही चाळीस वर्षं...

"मग पेन्शन कुठाय?" मामा म्हणाले.

दुकान एकदम गप्प झालं. तेवढ्यात आतून पोरगा आला. "मालक, खाकी संपलंय की ओ. ट्रान्सपरंट आहे, घातलंय मी."

आणि खरंच घातलं होतं. मामांच्या हातातून पुस्तक कधी गेलं मला कळलंच नाही. जाड, चकचकीत प्लॅस्टिक, कोपरे दुमडून, सेलोटेप मारून. सत्तर वर्षांचा विटका रंग त्याच्याखाली असा उजळला होता की बाई आता भर पावसातही पन्नास वर्षं टिकेल. (पाऊस आला तर.) पंचवीस रुपये.

मी काही बोलायच्या आत मामांनी नातवाच्या लेबलांच्या पाकिटातून दोन लेबलं काढली. एक थुंकी लावून लावलं, जिथं लावायला पाहिजे तिथं, उभं नाही, आडवं. दुसरं मागच्या बाजूला. "घ्या. झाली चादर."

आता माझ्या टीपॉयवर एक पुस्तक आहे. हिरव्या राक्षसाच्या हातात एक बाई किंचाळतेय आणि तिच्या गळ्यापासून मांडीपर्यंत छापलंय, नाव, इयत्ता, तुकडी, विषय, बाजूला फुगा धरलेलं अस्वल. आधी जेवढं वाईट दिसत होतं त्याच्या दसपट वाईट दिसतं. मावशीनं बघितलं, काही बोलली नाही, शेंगाचटणीचा डबा बॅगेत भरला आणि गुरुवारी सकाळच्या एसटीनं अक्कलकोटला गेली.

रात्री पुस्तक उचललं तर पुढच्या लेबलाचा एक कोपरा कुणीतरी नखानं उचकटलेला. त्या दोन दिवसांत घरात आम्ही तिघंच होतो. मी नाही. बायको म्हणते ती नाही.