फूटस्विच लाईट सेटच्या दोन-स्टार रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

वर्धा रोडच्या लॉनवरच्या रिसेप्शनसाठी तुमच्या बँडने आमच्याकडून मिडी फूटस्विच (पायाने दाबायच्या पॅडलचा बोर्ड; मिडी म्हणजे वाद्यं आणि यंत्रं एकमेकांना संदेश पाठवतात ती भाषा), डीएमएक्स कंट्रोलर (लाईटना हुकूम देणारी पेटी; डीएमएक्स ही लाईटची संदेशाची भाषा) आणि 12 एलईडी पार (रंग बदलणारे स्टेजचे लाईट) भाड्याने नेले होते. रिव्ह्यूत तक्रारी चार आहेत. कोणाचा पाय न लागता लाईट बदलत होते, पॅडल दाबूनही कधीकधी काहीच होत नव्हतं, नऊनंतर सगळे पार फडफडायला लागले आणि ब्लॅकआउट (सगळे लाईट एकदम बंद) उशिरा आला. वर सल्ला: ‘गाणाऱ्याच्या पायात हे लोढणं बांधू नका, ऑपरेटर द्या.’ सेट परत आला तेव्हा कंट्रोलरची मेमरी तशीच होती, आणि रिव्ह्यूसोबत तुम्ही स्टेजचे फोटोही टाकलेत. म्हणून हे अंदाजाने लिहीत नाही.

आपोआप बदलणारे लाईट तुमचा कीबोर्डवाला बदलत होता. फोटोत कीबोर्डची मिडी आउट सरळ फूटस्विचच्या मिडी इनमध्ये गेलेली दिसते. हा फूटस्विच आपले संदेश आणि इनमधून आलेले संदेश एकत्र करून पुढे सोडतो. कंट्रोलरला फक्त मिडी नोट, म्हणजे स्वराचा नंबर कळतो, ती पायाने आली की हाताने हे त्याला कळत नाही. सीन म्हणजे साठवून ठेवलेली लाईटची एक मांडणी, बँक म्हणजे आठ सीनचा गट. नोट 0 ते 119 म्हणजे 15 बँकांचे प्रत्येकी 8 सीन, 120 ते 125 म्हणजे सहा चेस (एकामागून एक आपोआप फिरणारे सीन) आणि 126 म्हणजे ब्लॅकआउट. आता 61 पट्ट्यांच्या कीबोर्डची सगळ्यात डावीकडची पट्टी असते नोट 36. तिला 8 ने भागा: चार बँका मागे पडल्या, बाकी उरले 4, आणि मोजणी शून्यापासून असल्यामुळे हा झाला पाचव्या बँकेचा पाचवा सीन. मधला सी म्हणजे नोट 60, तो आठव्या बँकेचा पाचवा सीन. तुमच्या गाण्यांचे सीन पहिल्या तीन बँकांत होते आणि पुढच्या बँकांत तुमच्याच रिहर्सलचे जुने सीन पडून होते. तेच एकेक करून वर येत होते. संथ गाण्यात लाल लाईट आला तो असा.

उपाय सोपा आहे, ती केबल काढा. लॅपटॉपसाठी किंवा आणखी कशासाठी ठेवायचीच असेल तर फूटस्विच आणि कंट्रोलर दोन्ही मिडी चॅनेल 16 वर न्या. कीबोर्ड बहुतेक वेळा चॅनेल 1 वरच असतात, ते तिथेच राहू द्या, म्हणजे कंट्रोलर त्यांच्या नोटा ऐकणार नाही. चॅनेल बदलल्यावर पॅडल 1 दाबून पहिल्या बँकेचा पहिला सीनच येतो ना, ते बघा. दुसराच आला तर नोट सप्तकाने सरकलेली असते. सेटिंग करताना नोटेचा आकडा लिहा, अक्षर नको. 60 नंबरच्या त्याच पट्टीला एक कंपनी सी-3 म्हणते, दुसरी सी-4, आणि त्यात पूर्ण 12 नोटांचा घोळ होतो.

दुसरी तक्रार, दाबलेलं न लागण्याची. कंट्रोलर लॉनच्या दुसऱ्या टोकाला मिक्सरजवळ ठेवला होता आणि तिथपर्यंत मिडी केबल एकाला एक जोडून नेल्या होत्या. मिडी केबलची मर्यादा 15 मीटर आहे, त्यापुढे संदेश गळायला लागतात. डीएमएक्स मात्र चांगल्या केबलवर 300 मीटरपर्यंत जातं. म्हणून कंट्रोलर स्टेजच्या कडेला ठेवायचा, मिडी केबल आखूड ठेवायची आणि लांब पळवायची ती डीएमएक्स. बरेच बँड नेमकं उलट करतात, कारण कंट्रोलर साउंडवाल्याच्या नजरेसमोर असला की बरं वाटतं.

आता फडफड. आमच्या 12 पारना लॉनवाल्यांचे दोन पार वाय-केबलने (एका लाईनचे दोन फाटे करणारी केबल) जोडले गेले, तेही माइकच्या केबलवर. तीन पिनांचा एक्सएलआर प्लग दोन्हीकडे सारखाच बसतो, म्हणून चालेल असं वाटतं. पण डीएमएक्सला 120 ओहमच्या आसपासची केबल लागते आणि माइकची केबल त्याहून बरीच कमी असते. थोड्या अंतरावर निभतं. अंतर वाढलं, त्यात वाय-फाटा आला, की सिग्नल टोकावर आपटून परत येतो आणि पारना चुकीचे आकडे वाचायला मिळतात. संध्याकाळच्या चेकिंगला ठीक चाललं आणि नऊनंतर बिघडलं, तेही याच्याशी जुळतं. लॉनवरच्या माळा आणि झुंबरं पूर्ण लोडवर आली की अशा काठावर चाललेल्या लाईनला तेवढा गोंगाट पुरतो.

डीएमएक्सची लाईन नेहमी एका पारमधून दुसऱ्यात अशी ओळीनेच न्यायची. फाटा हवाच असेल तर ऑप्टो स्प्लिटर (सिग्नल वेगवेगळ्या लाईनींत वाटून देणारी पेटी) लावायचा, वाय-केबल कधीच नाही. शेवटच्या पारच्या आउटमध्ये टर्मिनेटर हवा, म्हणजे पिन 2 आणि 3 मध्ये 120 ओहम, पाव वॅटचा रेझिस्टर. तो सेटच्या पेटीत असतो. परत आला तेव्हा सीलबंद पाकिटातच होता. आणखी एक गोष्ट. हा कंट्रोलर 12 लाईटना प्रत्येकी 16 डीएमएक्स चॅनेल देतो (हे मिडी चॅनेलपेक्षा वेगळे), म्हणून लाईटचे पत्ते, म्हणजे पहिल्या चॅनेलचे आकडे, 1, 17, 33 असे 177 पर्यंत जातात. तेराव्या लाईटला स्वतःची जागाच नाही. तो जोडायचा तर बारांपैकी एकाचाच पत्ता द्यायचा आणि मोडही (लाईट किती चॅनेल वापरतो ते) तोच ठेवायचा. एक पार 4 चॅनेलवर आणि त्याच पत्त्याचा दुसरा 7 चॅनेलवर असला, तर एकाचा निळ्या रंगाचा चॅनेल दुसऱ्याचा स्ट्रोब (भराभर लुकलुकणं) होऊ शकतो.

ब्लॅकआउटबद्दल थोडक्यात. पॅडल 10 वर आम्ही नोट 126 लावून देतो, तो अंधार लगेच होतो आणि दुसऱ्यांदा दाबलं की उजेड परत येतो. तुमच्या सेटिंगमध्ये त्या पॅडलवर ‘सगळं शून्य’ असा एक सीन लावलेला होता आणि फेड टाइम (लाईट बदलायला लागणारा वेळ) वाढवलेला होता. मग अंधार हळूहळूच होणार. प्रेमगीताच्या शेवटाला तो छानच दिसतो, दणक्यात संपणाऱ्या गाण्याला नाही.

ऑपरेटरचं म्हणाल तर अर्धं पटतं. मूव्हिंग हेड (डोकं फिरवणारे लाईट) असतील, किंवा गाणाराच अवघड गिटारही वाजवत असेल, तर ऑपरेटर घ्याच. तशा बुकिंगला आम्ही फूटस्विच देतच नाही. पण 12 पारवर चार-पाच जणांचा बँड पायाने आरामात चालवतो, फक्त सीन कमी ठेवायचे. एका गाण्याला चार पुरतात: मुखडा, अंतरा, म्युझिक पीस, शेवट. प्रत्येक गाण्यात मुखडा पॅडल 1 वरच ठेवा, म्हणजे खाली बघावं लागत नाही. दाबायचं ते समेवर, आधी नाही. फेड शून्य असेल तर लाईट तालात बसतो. पॅडलवर पांढऱ्या टेपने आकडे लिहा, बोर्ड दुहेरी टेपने फळीला चिकटवा आणि चप्पल घालून दाबू नका. टाच शेजारच्या पॅडलवर पडते आणि दोन सीन एकदम जातात. हे शेवटचं लग्नात फार होतं, सगळ्यांच्या पायात कोल्हापुरी असते.

डिपॉझिट पूर्ण परत झालेलं आहे. भाडं परत होणार नाही, त्याची कारणं वर दिली आहेत. पुढच्या कार्यक्रमाच्या आधी सदर भागातल्या आमच्या दुकानात गाण्यांची यादी घेऊन या, सोबत कीबोर्डवाल्यालाही आणा. चॅनेल, बँका आणि सीन समोर बसून लावून देऊ, त्याचे पैसे नाहीत. सोमवारी दुकान बंद असतं.