घालायचं हिनं, खायचं हिनंच!

त्या दिवशी सलग चौथा दिवस होता. अंडी घालायच्या खोक्यात हात घातला, तर बोटांना काय लागलं? कोमट, चिकट पेंढा. पेंढ्याला बलक, बलकाला मुंग्या आणि कवच म्हणावं तर नखाएवढा एक तुकडा. समोर आमच्या कोंबडीबाईसाहेब उभ्या. चोच पिवळी झालेली, आणि ती मातीला घासून पुसायचं काम अगदी निवांत चाललेलं. पाच मिनिटांपूर्वी हिनंच अंडं घातलं म्हणून अख्खं अंगण डोक्यावर घेतलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा! दाणापाणी मी करायचं, शीट मी खरवडायची आणि अंडं कुणी खायचं? हिनं!

वर सल्ले देणारे आहेतच. निम्म्यांचं एकच म्हणणं, "कापून टाका." उरलेल्यांचं, "अंड्यात तिखट भरून ठेवा, एकदा चोच पोळली की पुन्हा वाटेला जाणार नाही." ऐकलं मी, काय करणार. सुईनं अंड्याला दोन भोकं पाडली आणि आतलं फुंकून काढत बसले. पहिलं अंडं हातातच चेपलं. दुसरं कसंबसं रिकामं झालं तोवर गाल दुखायला लागले होते. तिखट भरताना बोटं भगभगली आणि तोच हात विसरून डोळ्याला लावला. एवढं सगळं करून ते अंडं खोक्यात ठेवलं. ती आली, फोडलं, तिखटासकट चाटूनपुसून साफ केलं आणि आणखी आहे का बघायला माझ्याकडे आली. नंतर कळलं, पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही! रानात मिरच्या खाऊन त्यांच्या बिया पसरवायचं काम पक्षीच करतात. मग हा सल्ला देणाऱ्यांपैकी एकानंही कोंबडीपुढे कधी मिरची टाकून पाहिली नव्हती?

पण ते पहिलं अंडं हातात चेपलं ना, तिथं माझी ट्यूब पेटली. अंगठा नुसता टेकवला होता, तर कवच आत गेलं. दोन दिवसांपूर्वी दांडीखाली तर बिनकवचाचंच एक पडलं होतं, पाणी भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबीत. म्हणजे ही बया अंडी फोडत नव्हती, अंडी आधीच फुटत होती. बसताउठता नख लागलं, तडा गेला, ओघळ चाखला. एकदा चटक लागली की मग चोच चालवायला कुणी शिकवावं लागत नाही. आणि एकीचं बघून बाकीच्याही शिकतात, ते वेगळंच.

आणि कवच पातळ का? तर घरातल्या लाडांमुळे! एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. कवच चढायला जवळजवळ 20 तास लागतात, आणि त्यातलं बरंचसं काम रात्री, ती दांडीवर झोपलेली असताना चालतं. खाद्यातून मिळालं नाही तर बिचारी स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून लेअरच्या, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या, खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम घातलेलं असतं. पण ते खाईल तर ना! येता-जाता जो तो मूठभर मका फेकतो. मक्यात कॅल्शियम नावालाही नाही. त्यावर पोट भरतं आणि खाद्य तसंच पडून राहतं. सांगायला जावं तर, "अगं, किती आनंदानं धावत येतात!" येणारच. बिस्किटाच्या पुड्याकडे पोरंही धावत येतात.

मीही काही धुतल्या तांदळाची नाही. अंडी सुरू झाल्यावरही तलंगांच्या, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या कोवळ्या कोंबड्यांच्या, खाद्याचं पोतं संपवायचं म्हणून तेच महिनाभर घालत राहिले. त्यात कॅल्शियम जेमतेम एक टक्का. दोष मात्र उन्हाला दिला. उन्हानंही कवच पातळ होतं, धापा टाकून रक्ताचं गणित बिघडतं, ते खरंच आहे. पण पोतं माझंच होतं.

आता शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवलाय. जाडसर अशासाठी, की तो पोटात रात्रभर टिकून हळूहळू विरघळतो. सगळ्यांच्या खाद्यात सरसकट मिसळता येत नाही, कारण पिल्लांना एवढं कॅल्शियम सोसत नाही, मूत्रपिंडं जातात. पहिल्या दिवशी त्या भांड्याचं काय झालं? उलटं केलं आणि त्यावर शिटल्या. आता ते तारेनं जाळीला बांधलंय. अंडी दिवसातून तीनदा गोळा करते, खोक्याला अंधार व्हावा म्हणून गोणपाटाचा पडदा लावलाय आणि आत एक गोल्फचा चेंडू ठेवलाय. टोचा म्हटलं, किती टोचायचंय ते!

अंडंखाऊ बाईंनी दोनदा टोचलं आणि चेंडूचा नाद सोडला. पण त्या चेंडूवर दुसरीच एक खुडूक होऊन, उबवायला म्हणून बसलीय. खुडूक म्हणजे तिची अंडी बंद. आज नववा दिवस. उठवायला गेलं की फुगते, गुरगुरते आणि मनगटाला कडकडून टोचते.